‘सांगता येत नाही’चा खाना

आधी आपांचं सांगतो, मग बाकीचं. बाकीचं सांगायला लागलो की माझी चिडचिड सुरू होते आणि मुख्य माणूस राहून जातो. या शहरात मी टिकलो तो आपांमुळे. त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस, तिथं त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, उर्दू शाळेत शिकलेल्या, बी.ए. झालेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. ऑफिसात सगळेच त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायचे, आमचे सरसुद्धा. त्यांनी माझ्यासाठी केलं काय, तर एकदा सही केली नाही आणि एकदा केली. एवढंच. पण हे एवढंच कळायला आमचं काम काय होतं ते सांगावं लागेल, आणि डोकं फिरायला सुरुवात तिथूनच होते.

माझं गाव वैनगंगेच्या पलीकडं, गडचिरोली जिल्ह्यात. मी नववीत असताना वडील मोहाच्या झाडावरून पडले, ते पुन्हा उठले नाहीत. मला शाळेतून कोणी काढलं नाही. मीच एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली, आणि तसेच दिवस गेले. पुढं तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात चार वर्षं काढली. तिथं टायपिंग शिकलो. इंग्रजी वाक्य येत नव्हतं, पण फॉर्म का अडकला, हे सांगणारी लाल ओळ मात्र बरोबर वाचता यायची. चुलत बहिणीचा नवरा या शहराजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात लागला, करमाडला खोली करून राहिला, आणि त्याने मला बोलावून घेतलं. ऑफिसच्या जाहिरातीत ‘बारावी पास’ लिहिलं होतं. सरांनी टायपिंग बघितलं, खूश झाले, म्हणाले, “कागदं नंतर आणून दे, काय घाई नाय.” मी मान हलवली. कागद नव्हतेच, ते आणणार कुठून?

तीन महिने माझं काम बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार, असं ठरलं. आणि मी काय करावं? पहिल्याच आठवड्यात आईला फोनवर सांगून बसलो की मी कायम झालो. आईने ते गावभर केलं. आता तीन महिन्यांनी परत गेलो असतो तर कोणत्या तोंडाने, याच विचाराने मला जेवण जात नसे.

आता काम. एम्युलेटर नावाचा एक प्रकार असतो. तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरी एक मशीन आहे असं सोंग आणणारा प्रोग्राम. वीस वर्षांपूर्वीच्या मशीनसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर, जी मशीन आता भंगारातसुद्धा मिळत नाही, ते या सोंगाच्या आत चालवायचं. बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरला आम्ही यजमान म्हणायचो आणि आतल्या सोंगाच्या मशीनला पाहुणा. जगभरातले लोक असा एक एम्युलेटर वापरायचे आणि काही बिघडलं की त्याची तक्रार लिहून पाठवायचे. ती तक्रार म्हणजे बग रिपोर्ट. असे हजारो रिपोर्ट साचले होते. ते वाचायचे आणि दोष कशाचा ते ठरवून खान्यात टाकायचे: ग्राफिक्स, नेटवर्क, डिस्क, आवाज, प्रोसेसर, सुरूच न होणं, असे पंधरा-सोळा खाने. दुरुस्ती करणारे इंजिनिअर परदेशात. आम्ही फक्त वर्गवारी करणारे. टपाल कचेरीत पत्रं खान्यात टाकतात तसं, असं सरांनी मला पहिल्या दिवशी समजावलं.

पत्रावर पत्ता तरी असतो हो.

आमच्याकडं येणारे रिपोर्ट कसे? एकाने लिहिलं होतं, “चालत नाही.” खाली काही नाही. काय चालत नाही, कुठं चालत नाही, बाबा, तू चालतोस का? दुसऱ्याने मोबाइलवर काढलेले पडद्याचे अकरा फोटो पाठवले होते; अकरांतही ट्यूबलाइटची चमक आणि त्याचा अंगठा. तिसऱ्याने मशीनने ओकलेला सगळा मजकूर, चार हजार ओळी, उचलून जशाच्या तशा चिकटवल्या होत्या आणि वर एक वाक्य, “यात बघा.” एक गृहस्थ तर दोन परिच्छेद लहानपणीच्या खेळाबद्दल लिहितात, वडिलांनी ती मशीन कशी आणली, भावंडं कशी भांडायची, मला वाचताना गहिवरून आलं, आणि शेवटी काय, तर आता आवाज येत नाही. आणि एकाने नेटवर्क चालत नाही म्हणून रागाने पानभर लिहून अगदी तळाला टाकलं होतं: माफ करा, वायर निघाली होती. मग पाठवला कशाला? पुसून टाकायला काय झालं होतं?

दिवसाला असे साठ. वर दर पंधरा दिवसांनी खान्यांची नावं बदलायची. ‘डिस्क’चे दोन खाने होणार, ‘आवाज’ आणि ‘ग्राफिक्स’ एकत्र होणार, मग पुन्हा वेगळे होणार. सर एक रंगीत तक्ता छापून भिंतीला लावायचे, आणि जुना काढायचे नाहीत. भिंतीवर चार तक्ते, चारही वेगळे.

पंधरा-सोळा खान्यांच्या यादीत सगळ्यात खाली एक खाना होता: ‘सांगता येत नाही’. हाच खाना आमच्या ऑफिसचा शत्रू. सरांनी फळ्यावर त्याच्यासाठी वेगळी चौकट आखली होती. शनिवारी दुपारी त्या खान्यातला आकडा मोठ्या अक्षरात लिहायचे. शून्य आलं की खालच्या गल्लीतून गरम इमरती यायच्या, सगळ्यांना. सर गंगापूरकडचे, घरची बागायत, मोठ्या मनाचा माणूस. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य त्यांना कमीपणाचं वाटायचं. म्हणायचे, “आपल्याकडं कुणी वाट विचारली तर आपुन काय ‘म्हाईत नाय’ म्हणतो का? हात तरी दाखवतो ना एकीकडं! माणसाला हाडतुड करीत नाय आपुन.”

हे खरंच होतं. मीच पहिल्या आठवड्यात औरंगपुऱ्यात ऑफिसची वाट तिघांना विचारली होती. तिघांनी अगदी प्रेमाने तीन दिशा दाखवल्या होत्या.

मग आम्हीही दिशा दाखवायचो. दर शनिवारी शून्य. मी तर सगळ्यात पुढं. माझी युक्ती सोपी होती. कळलं नाही की ग्राफिक्स. प्रत्येकाला शेवटी पडदाच दिसतो, आणि बिघडलं की प्रत्येक जण लिहितो, “पडदा काळा झाला.” काळा पडदा म्हणजे ग्राफिक्स, संपलं. दुपारपर्यंत माझे साठ उरकलेले असायचे. डिप्लोमा झालेला एक जण समोर बसायचा, त्याचे तेव्हा चाळीस व्हायचे. तो मला ‘पाहुणे’ म्हणायचा. “काय पाहुणे, मुक्काम किती दिवस?” मी हसायचो. माझ्या तोंडून ‘कशाला’ऐवजी ‘कायले’ गेलं की तो टेबल वाजवायचा.

प्रत्येक रिपोर्टवर दुसऱ्या वाचकाची सही लागायची. सही म्हणजे पडद्यावरचं एक बटण, पण त्याखाली तुमचं नाव कायमचं राहायचं. माझ्या दुसऱ्या वाचक आपा. पहिले काही दिवस त्या गप्प होत्या. मग एकदा डबा खाताना म्हणाल्या, “तुझ्या इतके काळे पडदे तर थेटरात नसतात रे.”

मी म्हणालो, “आपा, त्याने लिहिलंच आहे ना, पडदा काळा.”

“दिसला काळा. पण काळा कायकू झाला? डिस्क मिळाली नाही तरी काळा. प्रोसेसर अडकला तरी काळा. आतली मशीन नुसती वाट बघत बसली तरी काळा. तू तर सगळ्यांना एकाच खड्ड्यात टाकतोय.”

तेव्हा त्यांनी आपल्या आजोबांचं सांगितलं. आजोबा कचेरीच्या बाहेर बसणारे अर्जनवीस. लोकांची गाऱ्हाणी ऐकून अर्ज लिहून द्यायचे. निजामाच्या काळात उर्दूत, पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली तेव्हा पन्नाशीला आलेला माणूस मराठी लिहायला शिकला. ते म्हणायचे, माणूस बोलायला लागला की आधी रडतो, मग शिव्या देतो, मग आपली शान सांगतो. मुद्दा शेवटच्या दोन ओळींत असतो. म्हणून आधी शेवट ऐकायचा. आणि तीन गोष्टी विचारायच्या: फिर्याद कोणाची, कोणावर, आणि मागणं काय.

“आता तुझा रिपोर्ट खालून वाच,” आपा म्हणाल्या.

रोज जेवणाच्या सुट्टीत त्या मला पाच रिपोर्ट खालून वर वाचायला लावायच्या. त्यांचा डबा निवायचा. मी चुकलो की म्हणायच्या, “नक्को, अंदाज नक्को मारू. कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखव.” बोट ठेवता आलं नाही की तो रिपोर्ट त्या स्वतःच्या यादीत ‘सांगता येत नाही’मध्ये टाकायच्या. आठवड्याला सहा-सात व्हायचे. त्यामुळे शनिवारचं शून्य मोडलं, इमरती बंद झाल्या. डिप्लोमावाला मोठ्याने म्हणायचा, “आपा, तुमच्या इमानदारीपायी आमचं तोंड कडू झालं.” आपा वर न बघता म्हणायच्या, “साखर खा घरून.”

मी मात्र माझ्या यादीत शून्यच ठेवलं. आता आधीपेक्षा बरोबर जास्त यायचे, पण अडलं की पुन्हा ग्राफिक्स. त्या खान्याला हात लावायची माझी छाती नव्हती.

तीन महिने संपत आले. सरांनी सांगितलं की माझे तीनशे रिपोर्ट नमुना म्हणून परदेशातल्या लोकांकडं जाणार, सोबत बाकीच्या प्रत्येकाचेही थोडेथोडे, आणि त्यावर माझं ठरणार. तीनशे मी जीव लावून केले. खालून वर, बोट ठेवून. तरी सदतीस राहिले. चार-चार वेळा वाचले. कशावरच बोट ठेवता येईना. शेवटी ते सदतीस मी वाटून टाकले. काही ग्राफिक्सला, काही डिस्कला, उगीच एकाच खान्यात गर्दी दिसू नये म्हणून तीन आवाजाला. आणि सहीसाठी आपांकडं पाठवले.

दुपारी आपांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. “दोनशे त्रेसष्टवर केली सही. या सदतीसवर नाही करणार.”

“आपा, आज पाठवायचे आहेत.”

“मग खरं लिही.”

माझा आवाज चढला आणि गावाकडची बोली वर आली. “कसं लिहू? मले नाही समजलं, असं लिहू? ते इचारतील ना, कायले नाही समजलं म्हणून! आपा, मी बारावी नाही. दहावीबी नाही. नववीतून सुटलो. आतापर्यंत कोणाले सांगतलं नाही. मले घरी जा लागन.”

बोलून गेलो खरं. आपांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग त्यांनी माझ्या पडद्यावरचा पहिला रिपोर्ट उघडला. “यात आत कोणती मशीन चालवली, ते लिहिलंय?”

“नाही.”

“एम्युलेटर कितवा, नवा की जुना?”

“नाही.”

“पडदा पहिल्यापासून काळा, का आधी काही दिसलं?”

“नाही लिहिलं.”

“मग तुला कळलं नाही की त्याने सांगितलं नाही?” त्या चिडल्या होत्या, माझ्यावर की त्या न लिहिणाऱ्यावर, कोण जाणे. “अर्जात गावाचं नावच नसेल तर कारकून काय जमीन शोधत फिरणार? अर्ज परत द्यायचा, आणि काय कमी आहे ते कोपऱ्यात लिहून द्यायचं. तू फॉर्मच्या दुकानात चार साल काय केलं रे?”

हेच केलं होतं. फोटो अस्पष्ट. सही राहिली. दाखल्यावर तारीख नाही. चार वर्षं मी लोकांना त्यांच्या फॉर्ममध्ये काय कमी आहे तेच सांगत होतो, आणि त्यात माझी चूक कधीच झाली नव्हती. मी सदतीसही रिपोर्ट ‘सांगता येत नाही’मध्ये टाकले आणि प्रत्येकाखाली माझ्या मोडक्या इंग्रजीत दोन-तीन प्रश्न लिहिले. आत कोणती मशीन? एम्युलेटर कितवा? काळा कधीपासून? आवाज आधी होता का? दीड तास लागला. तो सगळा इंग्रजी जुळवण्यात, प्रश्न सुचायला वेळ लागला नाही. आपांनी एकेक वाचला आणि सदतीसही ठिकाणी सही केली.

सरांनी आकडा बघितला आणि उभेच राहिले. “सदतीस? एकट्याचे सदतीस? अरं, तिकडं काय म्हणतील, पोरं बसवलीत का म्हशी?” डिप्लोमावाल्याने फळ्याकडं बघून शीळ घातली. सर माझ्या टेबलाशी आले. “का कळलं नाय तुला? इंग्लिश किती होतं बारावीला?”

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. म्हणालो, “सर, बारावी नाही. नववीतून शाळा सुटली.”

सर काही बोलणार, तेवढ्यात आपा चष्मा पुसत बोलल्या, “त्या सदतीसवर माझी पण सही आहे, सर. माझं बी.ए. झालेलं आहे, आणि मलापण नाही कळलं. आता माझी मार्कशीट आणू का?”

“आपा, तुमी मधी पडू नका.”

“मी मधे नाही पडले. मी खाली आहे. नाव बघा, खाली माझंच आहे.”

सर फळ्याकडं वळून म्हणाले, “पाठवतो. पुढचं माझ्या हातात नाय, सांगून ठेवतो.”

पुढचे अकरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आई फोनवर विचारायची, सुट्टी कधी, आता तर कायम झालास. मी म्हणायचो, काम लई आहे. ‘लई’ मी इथंच उचललं होतं, आई हसायची. आणि काम खरंच होतं. रिपोर्ट काही माझ्या काळजीसाठी थांबत नव्हते. “चालत नाही.” “पडदा काळा.” “यात बघा.” त्या अकरा दिवसांत मला वाटायचं की जगातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलंय, या माणसाला काहीही धड सांगायचं नाही.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. सरांनी ते उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं. परदेशातल्या लोकांनी बाकीच्यांच्या नमुन्यातले ग्राफिक्सचे ढीगभर रिपोर्ट चुकीचे म्हणून परत पाठवले होते. खाली विचारलं होतं की आपा आणि मी सोडलो तर इतक्या रिपोर्टमध्ये एकाचंही ‘सांगता येत नाही’ कसं नाही, हे आम्हाला समजत नाही. आणि माझे सदतीस प्रश्न त्यांनी तक्रार करणाऱ्यांना तसेच्या तसे धाडून दिले होते. त्यातल्या काहींची उत्तरंही आली होती. इथून पुढं सगळ्यांनी असंच करावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला वाटलं आता सर काही तरी गोड बोलतील. सर म्हणाले, “म्हंजे आता समद्यांनी प्रश्न लिहीत बसायचं. वाढवलं ना काम!” डिप्लोमावाल्याने माझ्याकडं असं बघितलं, जशी मी त्याची म्हैस सोडून दिली होती. तीन महिने त्याच्या जुन्या रिपोर्टांची फेरतपासणी त्याच्या गळ्यात पडली. तीन दिवस तो मला पाहुणे म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही. चौथ्या दिवशी येऊन विचारलं, “ए, ते ‘काळा कधीपासून’ इंग्लिशमधी कसं लिहिलं तू?” मी लिहून दिलं. त्यात एक चूक होती, ती त्याने दुरुस्त केली.

महिन्याच्या शेवटी सरांनी बोलावून कागद हातात दिला. मला ठेवून घेतलं होतं. शिक्षणाच्या जागी नववी, असं छापलेलं होतं. मी तो कागद उभ्यानेच तीनदा वाचला, खालून वर. सर म्हणाले, “अन् दहावीचा फॉर्म भर बाहेरून. का तेबी मीच भरू?” मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, “उठ, आधी साठ उरकव.”

त्या संध्याकाळी आईला फोन केला आणि सांगितलं, कायम झालो. आई म्हणाली, “ते तर तू कधीच सांगतलं.” म्हटलं, हो.

आणि आपांचं काय झालं? त्यांनी बरोबर सांगितलं याचं बक्षीस म्हणून सरांनी ऑफिसातल्या सगळ्यांच्या सह्या त्यांच्यावर टाकल्या. आता सातही जणांचे रिपोर्ट त्यांच्याकडं जातात. बरोबर असण्याचा आमच्याकडं हा असा जाच आहे. त्यांची मोठी बहीण उदगीरला असते, आजारी असते. आपा दर महिन्याला म्हणतात, आठ दिवस जाऊन येते, आणि दर महिन्याला राहून जातं. गेल्या ईदला दोन दिवस गेल्या तर तिथूनही फोन, “तो डिस्कवाला बघितला का? अंदाज मारला नाहीस ना?” माझी मागची यादी उघडून बघितली तर अजूनही शंभरात चार-पाच ठिकाणी त्यांनी माझा खाना बदललेला असतो. न बोलता बदलतात. माझ्या लक्षात यावं म्हणून खाली फक्त एक टिंब देतात.

मी त्यांना काही देऊ शकलेलो नाही. मिठाई नेली तर म्हणाल्या, डॉक्टरने मना केलंय. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, कामं नाहीत का. पण ती टिंबं मी मोजतो आहे. ज्या महिन्यात माझ्या यादीत एकही टिंब पडणार नाही, त्या महिन्यात मी सरांकडं जाऊन आपांकडच्या, माझ्या सोडून बाकी सहा जणांच्या सह्या माझ्या नावावर मागून घेणार, आणि आपांना उदगीरच्या गाडीत बसवून येणार, पूर्ण आठ दिवसांसाठी. फोन करायची वेळ त्यांच्यावर येऊ देणार नाही. कधी जमेल ते आज सांगता येत नाही. पण करणार.